बधिर हातांचा इतिहास

अर्धापुरात बोलायचं तर केळीपासूनच सुरुवात करू. घड खांद्यावर घेऊन ओल्या बांधावरून चालणारा माणूस पायांकडे बघत नाही. तरी पाय घसरला की क्षणात तोल सावरतो. गुडघा किती वाकलाय, तळव्याखाली चिखल आहे की दगड, हे त्याला कोण सांगतं? स्नायू, सांधे आणि त्वचेतल्या संवेदी चेतापेशी. मेंदूचा हुकूम खाली नेणाऱ्या चेतापेशी वेगळ्या, खालची बातमी वर नेणाऱ्या वेगळ्या. ही बातमी बंद पडली तर काय होतं, त्याचा हा इतिहास आहे.

1895 मध्ये इंग्लंडमध्ये मॉट आणि शेरिंग्टन यांनी माकडाच्या एका हाताकडून येणाऱ्या फक्त संवेदी नसा कापल्या. हुकूम नेणाऱ्या नसा शाबूत, स्नायूही धडधाकट. तरी माकडाने तो हात वापरणंच सोडलं. म्हणजे नुसती ताकद असून भागत नाही. आपण पाण्याचा गुळगुळीत पेला धरतो, तो निसटू लागला की सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड घट्ट होते. ते बोटांच्या त्वचेकडून आलेल्या बातमीमुळे.

आता प्रयोगशाळेतून आपल्या गावांकडे येऊ. आपल्याकडे एक आजार होता, ज्याचं नाव घ्यायलाही लोक कचरत. महारोग, म्हणजे कुष्ठरोग. बोटं झडतात, हे पूर्वजन्मीचं पाप, असं म्हणून माणसाला वेशीबाहेर काढायचे. 1873 मध्ये नॉर्वेच्या हॅन्सेन यांनी या रोगाचा जंतू शोधला. तरी बोटं का जातात, हे कोडं राहिलंच. नांदेड आणि निजामाबाद हे दोन्ही जिल्हे तेव्हा निजामाच्या राज्यात. मनमाडकडे जाणाऱ्या आपल्या याच रेल्वेमार्गावर, निजामाबादेपलीकडे डिचपल्लीला, 1915 मध्ये इझाबेल कर या मिशनरी डॉक्टरबाईंनी कुष्ठरोग्यांचं रुग्णालय उभं केलं. औषध काय, तर कडू कवठाचं तेल. त्यापलीकडे फारसं हाताशी नव्हतं.

कोडं सुटलं ते वेल्लोरला. पॉल ब्रँड नावाचे शल्यचिकित्सक 1946 मध्ये तिथे आले. त्यांनी स्वतः सांगितलेला प्रसंग आहे. एक गंजलेलं कुलूप त्यांच्याकडून उघडेना. दहाएक वर्षांच्या एका रुग्ण मुलाने किल्ली घेतली आणि सहज फिरवली. एवढी ताकद कुठून आली? ब्रँड यांनी बघितलं तर मुलाच्या बोटातून रक्त येत होतं, जखम पार हाडापर्यंत गेली होती. पोराला पत्ताच नाही! त्याची शक्ती आपल्यापेक्षा जास्त नव्हती. आपल्याला दुखतं म्हणून आपण थांबतो, त्याला थांबवणारं कोणी नव्हतं.

इथे एक बारकावा लक्षात घ्या. हा जंतू शरीराच्या थंड भागांत, त्वचेलगतच्या नसांवर हल्ला करतो. आधी गरम-गार, स्पर्श आणि वेदना जातात. स्नायू-सांध्यांची खोल जाणीव मात्र बरेचदा टिकते. त्यामुळे माणूस चालतो, कुदळ मारतो, तवा उचलतो. काम चालू, पण लगाम नाही. चटके बसतात, फोड फुटतात, रात्री उंदीर कुरतडून गेला तरी जाग येत नाही. जखम चिघळते आणि बोट आखूड होत जातं. ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की मांस आपोआप सडत नाही. बहुतेक हानी जखमांनी होते, आणि जखमा टाळता येतात.

ही साधी गोष्ट कळली आणि उपचार बदलले. शस्त्रक्रियेच्या जोडीला मऊ रबराच्या एमसीआर चपला आल्या, अवजाराच्या दांड्याला कापड गुंडाळायची शिकवण आली. हाताची बातमी येत नाही ना, मग डोळ्यांनी घ्या. रोज हातपाय तपासा. त्याच काळात बाबा आमटे यांनी 1949 मध्ये महारोगी सेवा समिती स्थापन केली आणि वरोऱ्याजवळ आनंदवन उभारलं. ज्यांना जगाने निकामी ठरवलं, त्यांच्याच हातांनी तिथे विहिरी खणल्या, शेती पिकवली.

1981 पासून जागतिक आरोग्य संघटनेने बहुऔषधोपचार सुचवला. आज रोग पूर्ण बरा होतो. पण मंडळी, औषधाने जंतू मरतात. मेलेली नस सहसा परत येत नाही. म्हणून अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लाजू नका, लगेच सरकारी दवाखान्यात जा, औषध मोफत मिळतं. मन बदलायला मात्र उशीर लागला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण म्हणून कायद्यातून काढायला 2019 उजाडलं.

आणि हा इतिहास फक्त कुष्ठरोग्यांचा नाही. मधुमेहातही तळपाय बधिर होतात. चप्पल पायातून कधी निसटली ते कळत नाही, काटा रुतला तरी समजत नाही. तेव्हा आज रात्री निजण्यापूर्वी घरातल्या साखर असलेल्या माणसाचे तळवे कंदिलाच्या नाहीतर मोबाइलच्या उजेडात एकदा बघा. वेल्लोरच्या त्या मुलाने शिकवलेलं एवढं तरी घरी घेऊन जा.