बुद्धिबळाची अलिखित सुरुवात : ओपनिंग बुक, देशी डाव आणि नोंदींचा इतिहास

१/
११ मे १९९७, न्यूयॉर्क. जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएमचा संगणक डीप ब्लू यांच्यातील सहावा, निर्णायक डाव. आठव्या खेळीत संगणकाने घोड्याचा बळी दिला. एकोणिसाव्या खेळीनंतर कास्पारोव्हने डाव सोडला. तो बळी यंत्राने त्या क्षणी गणित मांडून शोधलेला नव्हता. त्याच्या ओपनिंग बुकमध्ये तो आधीच लिहिलेला होता.

२/
ओपनिंग बुक म्हणजे डावाच्या सुरुवातीची यंत्राची पाठांतरवही. डीप ब्लूची वही सुमारे ४००० स्थितींची होती. ग्रँडमास्टर जोएल बेंजामिन यांनी अन्य तीन ग्रँडमास्टरांच्या साहाय्याने ती हाताने रचली. तिच्या जोडीला सात लाख डावांच्या संग्रहातून काढलेली माहितीही होती. पटासमोर एक यंत्र दिसत होते. त्याच्या पाठीशी कित्येक पिढ्यांची लेखी स्मृती उभी होती.

३/
अशी वही घडते कशी? पॉलिग्लॉट हा प्रचलित साचा पाहावा. त्यातील प्रत्येक नोंद अवघी १६ बाइटची असते. तीत पटावरील स्थितीची ६४ बिटांची ओळखसंख्या, त्या स्थितीत खेळायची खेळी आणि त्या खेळीचे वजन असते. स्थितीला अशी ओळखसंख्या देण्याची रीत आल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये मांडली.

४/
वजन ठरते ते जुन्या डावांच्या निकालांवरून. खेळीने डाव जिंकून दिला तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक, हार झाली तर शून्य. फार क्वचित खेळली गेलेली खेळी वहीत येतच नाही. किती डावांत ती दिसायला हवी, ही अट वही रचणारा ठरवतो. थोडक्यात, ज्याची नोंद झाली आणि वारंवार झाली, तेच यंत्राला ठाऊक असते.

५/
आज धायरीतला एखादा विद्यार्थी लाखो डावांचे संग्रह उतरवून घेऊन काही तासांत स्वतःचे ओपनिंग बुक तयार करू शकतो. आक्रमक खेळाडूंचे डाव निवडले तर आक्रमक वही, सावध खेळाडूंचे निवडले तर सावध वही. परंतु शनिवारवाड्याच्या परिसरात पेशवाईत जो डाव रंगत असे, त्याची वही त्याला करायची असेल तर?

६/
येथे पहिली अडचण नियमांची. देशी बुद्धिबळात प्यादे सर्वसाधारणपणे पहिल्या खेळीतही एकच घर सरके. किल्लेकोट नव्हता, त्याऐवजी राजाला, शह बसण्यापूर्वी, एकदाच घोड्यासारखी अडीच घरांची उडी घेता येई. शेवटच्या घरात पोहोचलेले प्यादे त्या घराच्या मूळ मोहऱ्याचे रूप घेई. एका पक्षाचा केवळ राजा उरला की बुर्जी, म्हणजे बरोबरी.

७/
प्रांतागणिक या नियमांत फरक पडे. काही ठिकाणी तर प्रारंभीच्या अनेक खेळ्या एकदम खेळून घेण्याची मुभा असे. दोन्ही बाजू आपापली रचना उभारत आणि मग खरी झुंज सुरू होई. अशा खेळात युरोपीय ओपनिंग बुकचा उपयोग शून्य. पहिल्याच खेळीत दोन घरे पुढे जाणारे प्यादे देशी पटावर मुळी बेकायदा ठरते.

८/
दुसरी अडचण नोंदींची, आणि ती अधिक गंभीर. पेशवाई अस्ताला जाण्यापूर्वी चार वर्षे, १८१४ साली, मुंबईत त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचे बुद्धिबळावरील पुस्तक इंग्रजीत छापले गेले. मूळ संस्कृत ग्रंथ ‘विलासमणिमंजरी’. त्याचा संबंध पुण्याच्या पेशवे दरबाराशी जोडला जातो.

९/
या पुस्तकाच्या दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, त्याचे स्वरूप युरोपीय पद्धतीच्या खेळाला जुळवून घेतलेले होते. दोन, त्यात प्रामुख्याने निवडक पेचप्रसंग होते : पट असा मांडलेला आहे, आता मात करून दाखवा. डाव या स्थितीपर्यंत कसा आला, याची चर्चा अशा ग्रंथाचा विषयच नसे.

१०/
यामागे त्या काळची अभिरुची होती. प्याद्याने केलेली मात म्हणजे प्यादेमात, ही विशेष मानाची. शेवटची कलाटणी रसिकांच्या तोंडी राही, दरबारात सांगितली जाई, ग्रंथात येई. पहिल्या दहा खेळ्या मात्र उस्तादाकडून शागिर्दाकडे पटावरच जात. १८९३ साली पुण्यात विनायक राजाराम टोपे यांचे मराठी बुद्धिबळावरील पुस्तक निघाले, तोवर वाड्यांतील कित्येक पिढ्यांचे डाव पटावरून उठून गेले होते.

११/
नोंद झाली तर काय घडते, याची उदाहरणे भारतातच आहेत. १८२८-२९ मध्ये मद्रास आणि हैदराबाद यांच्यात पत्राने डाव खेळले गेले. मद्रासकडून खेळणारे गुलाम कासिम यांनी जेम्स कॉक्रेन यांच्यासह १८२९ मध्ये मुझिओ गॅम्बिट या एकाच सुरुवातीचे विश्लेषण पुस्तकरूपाने छापले. खेळी, तिला उत्तर, उत्तराला पर्याय, अशी ही मांडणी. आजच्या संगणकीय वहीचे हे पूर्वरूपच म्हणावे.

१२/
दुसरे उदाहरण कलकत्त्याचे. तेथील बॅरिस्टर जॉन कॉक्रेन (मद्रासच्या कॉक्रेनपासून हे निराळे) यांनी महेशचंद्र बॅनर्जी या खेळाडूशी झालेले शेकडो डाव टिपून ठेवले. महेशचंद्रांची घडण देशी नियमांत झालेली. एकेक घर सरकणारी प्यादी आणि कडेने बाहेर पडणारा उंट ही त्यांची सवय युरोपीय नियमांच्या पटावरही टिकली.

१३/
१८५५ च्या त्यांच्या एका डावात काळ्या मोहऱ्यांची जी मांडणी दिसते, तिला आज ग्रुनफेल्ड बचाव म्हणतात. ऑस्ट्रियाच्या अर्न्स्ट ग्रुनफेल्डने ती १९२२ मध्ये प्रतिष्ठेस आणली, म्हणून नाव त्याचे. ‘इंडियन’ म्हणवल्या जाणाऱ्या बचावांच्या नावात मात्र त्या जुन्या डावांची खूण राहिली. कॉक्रेन यांनी कागद-लेखणी घेतली नसती, तर तीही राहिली नसती.

१४/
वही नसल्याची किंमत मीर सुलतान खान यांच्या कारकिर्दीत दिसते. पंजाबचा हा खेळाडू देशी नियमांत वाढला. १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपदे त्याने जिंकली, हेस्टिंग्ज येथे १९३०-३१ च्या स्पर्धेत कापाब्लांकाला हरवले. परंतु सुरुवातीच्या खेळ्या ही त्याची उणी बाजू. प्रतिस्पर्धी पुस्तके वाचून येत. त्याला ती कोंडी प्रत्यक्ष पटावर फोडावी लागे.

१५/
पुढे स्पर्धात्मक बुद्धिबळ आंतरराष्ट्रीय नियमांकडे वळले. १९५५ साली एलुरू येथे पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, तिचे विजेतेपद महाराष्ट्राचे रामचंद्र सप्रे आणि आंध्रचे डी. वेंकय्या यांना विभागून मिळाले. नव्या नियमांनी भारतीय खेळाडूला जगाचे दार उघडले. पण देशी डाव मागे पडला, तोही आपली वही न ठेवता.

१६/
ती वही आता यंत्राकडून लिहून घेता येईल का? एका अर्थी, होय. २०१७ मध्ये अल्फाझीरो या प्रणालीने केवळ नियमांच्या आधारे, स्वतःशीच खेळत बुद्धिबळ आत्मसात केले. फेअरी-स्टॉकफिश हे इंजिन निरनिराळ्या नियमांचे खेळ खेळते. देशी नियम शिकवून अशा इंजिनाला स्वतःशी हजारो डाव खेळायला लावले, की त्यांतून ओपनिंग बुक तयार होईल.

१७/
मात्र इतिहासाच्या अभ्यासकाने येथे सावध राहावे. यंत्राची वही सांगेल की देशी नियमांत उत्तम सुरुवात कोणती. पुण्याच्या वाड्यांत कोणती सुरुवात खेळली जाई, हे ती सांगणार नाही. पहिला प्रश्न गणिताचा आहे, दुसरा साधनांचा. कितीही वेगवान संगणक पहिल्याच्या उत्तराने दुसऱ्याची जागा भरू शकत नाही.

१८/
म्हणून अशी वही करणाऱ्याने दोन रकाने वेगळे ठेवावेत : यंत्राने सुचवलेली खेळी आणि कागदात सापडलेली खेळी. दुसरा रकाना आज जवळपास रिकामा दिसेल, आणि तो तसाच दिसू द्यावा. दप्तरांत, घरोघरच्या जुन्या वह्यांत, एखाद्या हिशेबाच्या पाठीमागे पहिल्या खेळीपासून शेवटापर्यंत टिपलेला एक देशी डाव सापडला, तरी त्या रकान्यात पहिली ओळ लिहिली जाईल. वजन एक डाव. पण खरा खेळलेला.