मायाळूच्या वेलामागचा इतिहास

परसात मायाळूचा वेल असला की अवचित पाहुणा आला तरी गृहिणीची धांदल उडत नाही. मेथी दर खेपेस नव्याने पेरावी लागते. मायाळूची वीतभर फांदी ओल्या मातीत खोचून मांडवाचा आधार दिला आणि पाणी मिळत राहिले, की वेल काही वर्षे भाजी पुरवितो. शेंडे खुडावेत तसे नवे फुटवे येतात. पाने बुळबुळीत असल्याने तुरीच्या डाळीत शिजवताना चिंचेचा कोळ घालावा. फणसाच्या आठळ्या अथवा कोळंबी घातल्यास चव खुलते. कोवळे देठही टाकू नयेत.

या वेलाचे शास्त्रीय नाव ‘बॅसेला’. लिनिअसने ते १७५३ साली स्वीकारले. परंतु शब्द मूळचा मलबारचा. अ‍ॅमस्टरडॅम येथे १६७८ ते १६९३ या काळात १२ खंडांत छापल्या गेलेल्या ‘हॉर्टस मलबारिकस’ या ग्रंथात तो आधीच आला होता. ग्रंथकर्ता हेंड्रिक व्हान ऱ्हेडे हा मलबारमधील डच सत्तेचा अधिकारी, पंथाने प्रॉटेस्टंट. आरंभी त्याला साहाय्य केले कार्मेलाईट संघाचे फादर मॅथ्यू ऑफ सेंट जोसेफ यांनी. पुढे वनस्पतींचे ज्ञान पुरविले मल्याळी वैद्य इट्टी अच्युतन आणि रंग भट, विनायक पंडित व अप्पू भट या तीन कोकणी वैद्यांनी. या तिघांचे १६७५ सालचे नागरी लिपीतील प्रमाणपत्र पहिल्या खंडात छापलेले आहे.

कोकणीभाषक कोचीनमध्ये कसे, हा प्रश्न आपण ख्रिस्ती वाचकांनी टाळू नये. गोव्यातील पोर्तुगीज राजवटीच्या धार्मिक सक्तीला कंटाळून १६ व्या शतकात अनेक कोकणी कुटुंबे घरदार सोडून दक्षिणेस गेली. आम्ही सेमिनरीत मिशनकार्याचा इतिहास शिकलो तेव्हा उभी राहिलेली चर्चे मोजली; ओस पडलेली घरे मोजण्याचे आम्हांस सुचले नाही. प्रभूच्या नावाने परागंदा केलेल्या समाजाच्या वैद्यांनी पुढे ख्रिस्ती माणसाच्या ग्रंथासाठी आपले ज्ञान मोकळ्या हाताने द्यावे, यात आम्हांस शुभवर्तमानाचाच धडा दिसतो.

ग्रंथात वैद्यांची नावे आली. पिढ्यान्‌पिढ्या वेल जगवून भाजी रांधणाऱ्या स्त्रियांची आली नाहीत. आज परसे आक्रसत आहेत. यंदा पहिला पाऊस पडताच मायाळूची एक फांदी शेजाऱ्याला द्यावी, तो कोणत्या धर्माचा हे न पाहता.