द्विविध नोंद आणि संकरजीव : संगणकीय चुकीचे ऐतिहासिक मूल्य

मिरजेच्या वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धन दप्तरातून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला, साताऱ्यात द. ब. पारसनीस यांनी जुन्या कागदपत्रांचा मोठा संग्रह केला. अशा कागदांच्या अभ्यासकास नकलेतील चूक त्याज्य वाटत नाही. ती नकलेची वंशावळ सांगते. हीच कसोटी संगणकीय खेळांच्या इतिहासासही लागू पडते.

१९९६ मध्ये जपानमध्ये 'पोकेमॉन'चे पहिले खेळ निन्टेन्डोच्या 'गेम बॉय' यंत्रासाठी प्रसिद्ध झाले. यंत्राची मुख्य कार्यस्मृती अवघी ८ किलोबाइट होती. खेळात प्राणी १५१, परंतु अंतर्गत क्रमांक १९० होते; उरलेल्या ३९ जागांतूनच 'मिसिंगनो' हा प्रसिद्ध आभासी प्राणी उद्भवला. शिवाय खेळाडूजवळील प्रत्येक प्राण्याची जात दोन ठिकाणी नोंदली जाई : एकदा चमूच्या यादीत, एकदा त्या प्राण्याच्या स्वतंत्र तपशिलात. या नोंदींत तफावत पडली की संकरजीव निर्माण होई आणि एकाच प्राण्यात दोन जातींची लक्षणे मिसळत.

हा जीव कोणा चित्रकाराने कल्पिलेला नव्हता. म्हणूनच तो नोंदपद्धतीचा निर्हेतुक, आणि त्यामुळे विश्वसनीय, साक्षीदार ठरतो. सुधारित आवृत्तीत चूक दुरुस्त होते. पण केवळ तीच जतन केली, तर साक्षच पुसली जाते. शुद्ध प्रतीबरोबर अशुद्ध मूळ प्रतही जपावी, हा दप्तरखान्याचा जुना दंडक संगणकीय साधनांच्या संग्रहासही तितकाच आवश्यक आहे.