फेंटनचा जांभळा रंग

रासायनिक कारखान्याच्या ईटीपीत, म्हणजे सांडपाणी प्रक्रिया केंद्रात, जीवाणूंना पचत नाही असं पाणी आलं की एक ठरलेला प्रयोग होतो. बीकरभर पाणी घ्यायचं, गंधकाम्ल घालून त्याचा सामू ३ च्या आसपास आणायचा, थोडा हिराकस (फेरस सल्फेट) विरघळवायचा आणि वरून हायड्रोजन पेरॉक्साइड हळूहळू सोडायचं. पाणी कोमट होतं, बारीक बुडबुडे येतात, रंगाचा गडदपणा उतरू लागतो. मग चुन्याची निवळी किंवा कॉस्टिक घालून सामू वर आणला की लोखंडाचा तांबूस गाळ खाली बसतो आणि वरचं पाणी तपासणीला जातं. या सगळ्याला तिथले केमिस्ट नुसतं ‘फेंटन’ म्हणतात. फेंटन करून बघितलं का, असं विचारतात. आपण एका माणसाचं नाव घेतोय हे बहुतेकांच्या ध्यानातही नसतं, आणि त्या माणसाचा सांडपाण्याशी काडीचाही संबंध नव्हता.

हेन्री जॉन हॉर्स्टमन फेंटन १८७६ साली केंब्रिजला विद्यार्थी होता. हकिकत अशी सांगतात की त्याचा एक सहाध्यायी हाताला येतील त्या बाटल्यांतली रसायनं एकमेकांत मिसळत बसला होता आणि अचानक त्याच्या नळीत सुंदर जांभळा रंग उमटला. त्या मित्राने तो फेंटनला दाखवला आणि फेंटन त्याच्या मागे लागला. नळीत काय काय गेलं होतं हे त्याने शोधून काढलं: टार्टारिक आम्ल, म्हणजे चिंचेत आणि द्राक्षांत असतं ते, लोखंडाचा फेरस क्षार, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड आणि शेवटी अल्कली. त्याच वर्षी ‘केमिकल न्यूज’मध्ये त्याचं छोटंसं टिपण छापून आलं. टार्टारिक आम्ल ओळखायची नवी खूण सापडली, सायट्रिक किंवा मॅलिक आम्लाला असा रंग येत नाही, एवढाच त्याचा दावा होता. त्या काळी रसायनशास्त्रात अशा ओळखपरीक्षांना मोठी किंमत होती. पेरॉक्साइड तर तोवर जुनं झालं होतं, पॅरिसच्या तेनारने ते १८१८ मध्येच बनवलं होतं.

फेंटनने पुढचं काम सावकाश केलं. १८९४ मध्ये त्याचा सविस्तर निबंध आला. टार्टारिक आम्लातून दोन हायड्रोजन निघून जातात आणि नवंच आम्ल तयार होतं, हे त्याने दाखवलं. माझ्या मते त्या निबंधातली खरी मोलाची गोष्ट दुसरीच आहे. लोखंड अगदी नखभर पुरतं. ते स्वतः खर्ची पडत नाही, पण ते नसेल तर पेरॉक्साइड त्या आम्लाला जवळजवळ हातच लावत नाही. लोखंड तिथे नेमकं काय करतं, याचं उत्तर मात्र फेंटनकडे नव्हतं. तो १९२९ मध्ये वारला, तेव्हाही ते कोणाकडे नव्हतं.

उत्तर सुचायला आधी एक कल्पना रुळावी लागली: अर्धवट तुटलेला, एक इलेक्ट्रॉन एकटाच मिरवणारा रेणू क्षणभर का होईना, मोकळा राहू शकतो. १९०० मध्ये मिशिगनच्या मोझेस गोम्बर्गने असं पहिलं रॅडिकल दाखवलं, पण पाण्यातल्या साध्या अभिक्रियांत असलं काही घडत असेल हे मानायला आणखी तीस वर्षं गेली. ते मानणारा माणूस होता फ्रिट्झ हाबर. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया काढून जगाला खत देणारा, आणि १९१५ मध्ये ईप्रच्या रणांगणावर क्लोरीन सोडण्याची योजना आखणारा तोच हाबर. १९३२ मध्ये बर्लिनला त्याने आणि त्याचा तरुण सहकारी जोसेफ वाइस याने मांडलं की फेरस लोखंड पेरॉक्साइडला एक इलेक्ट्रॉन देतं, पेरॉक्साइड मधोमध तुटतं, एका तुकड्यातून हायड्रॉक्साइड आयन होतो आणि दुसरा तुकडा हायड्रॉक्सिल रॅडिकल म्हणून मोकळा सुटतो. पुढची सगळी तोडफोड हा दुसरा तुकडा करतो.

वर्षभरात जर्मनीत ज्यू प्राध्यापकांना नोकरीतून काढण्याचा कायदा आला. हाबर जन्माने ज्यू. महायुद्धातल्या कामगिरीमुळे त्याला स्वतःला राहता आलं असतं, पण आपल्याच संस्थेतल्या ज्यू सहकाऱ्यांना घरी पाठवायचं त्याच्यावर आलं. १९३३ च्या एप्रिलअखेर त्याने राजीनामा दिला. आसरा दिला तो केंब्रिजच्या विल्यम पोपने. वाइसही बरोबर गेला. म्हणजे जांभळा रंग पहिल्यांदा दिसला त्याच गावात त्याचं स्पष्टीकरण हातात घेऊन ही दोघं पोचली. १९३४ च्या जानेवारीत हाबर बाझेलमध्ये वारला, आणि दोघांच्या नावाचा मोठा निबंध त्याच वर्षी, त्याच्या पश्चात, रॉयल सोसायटीच्या कार्यवृत्तात छापला गेला. त्यात मांडलेल्या साखळीतली एक पायरी लोखंडाविना इतकी मंद निघाली की ती घडतच नाही म्हटलं तरी चालेल. गंमत अशी की ‘हाबर-वाइस अभिक्रिया’ हे नाव चिकटलं ते नेमकं त्याच पायरीला. पहिली पायरी, जी टिकली, ती फेंटनच्या नावावर गेली, आणि फेंटनने ती कधी लिहिलेलीच नव्हती.

हे रॅडिकल आहे तरी काय चीज? त्याची ऑक्सिडीकरणाची ताकद सुमारे २.८ व्होल्ट. ओझोनची २.०७, क्लोरीनची १.३६. त्याच्या वर नाव घेण्यासारखा फ्लोरीनच, आणि फ्लोरीन पाण्यात घालायचा विचार कोणी शहाणा करत नाही. क्लोरीन किंवा ओझोन काही रेणूंवर तुटून पडतात आणि काहींना चाटूनही जात नाहीत. हायड्रॉक्सिलला तसली आवडनिवड जवळजवळ नाही. समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा हायड्रोजन ते ओढतं किंवा स्वतःच त्याला जाऊन चिकटतं. म्हणूनच त्याचं आयुष्यही मायक्रोसेकंदांत मोजावं लागतं. ते बाटलीत भरून आणता येत नाही, पाण्यातच आणि हवं त्या क्षणी तयार करावं लागतं. बायकार्बोनेट भरपूर असलेल्या जड पाण्यात तर निम्मी मेहनत त्या क्षारांवरच वाया जाते.

इतक्या अल्पजीवी गोष्टीचा वेग मोजता आला तो अणुयुगामुळे. किरणोत्सर्गाने पाणी फुटतं तेव्हाही हीच रॅडिकल्स तयार होतात, हे १९४४ मध्ये मांडणाऱ्यांत वाइसच होता. पुढे इलेक्ट्रॉनांचे क्षणिक झोत पाण्यात सोडून शेकडो पदार्थांशी हायड्रॉक्सिलचा वेग मोजला गेला. बक्स्टन आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये छापलेली त्या आकड्यांची कोष्टकं आज पाणी शुद्ध करणाऱ्या अभियंत्यांच्या टेबलावर असतात.

सांडपाण्यात फेंटनची अभिक्रिया पहिल्यांदा नीट वापरली गेली ती १९६४ च्या सुमारास. आयझेनहाउअर नावाच्या संशोधकाने फिनॉल असलेल्या सांडपाण्यावर हिराकस आणि पेरॉक्साइड वापरून दाखवलं. म्हणजे नळीपासून नाल्यापर्यंतचा प्रवास ८८ वर्षांचा. तोवर कोणाचं अडलंही नव्हतं. खरी निकड निर्माण झाली १९७४ मध्ये, जेव्हा रॉटरडॅमच्या योहानेस रूकने दाखवलं की नदीच्या पाण्यात क्लोरीन टाकलं की त्यातल्या नैसर्गिक सेंद्रिय पदार्थांपासून क्लोरोफॉर्म तयार होतो. ज्या औषधाने पाणी सुरक्षित होतं असं आपण मानत होतो, त्याच्याकडेच बोट गेलं. त्याच सुमारास स्वित्झर्लंडमध्ये होइने आणि बाडर यांनी उलगडून दाखवलं की ओझोन पाण्यात विरघळला की त्याचा काही भाग फुटून हायड्रॉक्सिल होतं, आणि ओझोनच्या खात्यावर लिहिलेली बरीच कामगिरी खरं तर त्याची असते. नीस शहर तर १९०६ पासून ओझोनने पाणी शुद्ध करत होतं.

मग १९८७ साली अमेरिकेत विल्यम ग्लेझ आणि दोन सहकाऱ्यांनी या विखुरलेल्या भावंडांना एक आडनाव दिलं: अॅडव्हान्स्ड ऑक्सिडेशन. साधारण नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला, पाणी शुद्ध होईल इतक्या प्रमाणात हायड्रॉक्सिल रॅडिकल्स निर्माण करणारी कोणतीही पद्धत, अशी त्यांची व्याख्या. ओझोन आणि पेरॉक्साइड, अतिनील दिवा आणि पेरॉक्साइड, फुजिशिमा-होंडांच्या १९७२ च्या कामातून पुढे आलेलं टायटॅनियम डायऑक्साइड, आणि सगळ्यांत थोरला फेंटन. व्याख्या चोख आहे, आक्षेप फक्त त्या ‘अॅडव्हान्स्ड’ला. १११ वर्षं जुन्या गोष्टीला प्रगत म्हटलं की निविदेत तिची किंमत वाढते, हे नंतर सगळ्यांनीच ओळखलं.

पिण्याच्या पाण्यात अतिनील आणि पेरॉक्साइडच्या जोडीने बाजी मारली, कारण मागे गाळ उरत नाही. नेदरलँड्समधल्या आंडाइकला ती २००४ मध्ये आली. कॅलिफोर्नियाच्या ऑरेंज काउंटीत २००८ पासून शहराचं सांडपाणी आरओतून काढून, मग याच जोडीतून नेऊन भूजलात सोडतात. आरओच्या पडद्यातून एनडीएमए आणि डायऑक्सेनसारखे चिमुकले रेणू निसटतात. एनडीएमए अतिनील प्रकाशानेच फुटतं, डायऑक्सेनसाठी हायड्रॉक्सिल लागतं.

याच घराण्याची एक शाखा माटुंग्याला वाढली. तिथल्या रासायनिक तंत्रज्ञान संस्थेत, म्हणजे जुन्या यूडीसीटीत, अनिरुद्ध पंडित आणि पराग गोगटे यांनी पोकळीभवनावर वर्षानुवर्षं काम केलं. अरुंद भोकातून पाणी जोराने ढकललं की दाब घसरतो, बुडबुडे धरतात आणि पुढे दाब वाढताच चिरडतात. चिरडताना बुडबुड्याच्या आत काही हजार अंश तापमान क्षणभर चढतं आणि पाण्याचाच रेणू फुटून हायड्रॉक्सिल होतं. जहाजांचे पंखे कुरतडणारी हीच घटना इथे कामाला लावली आहे. २००४ मध्ये या दोघांनी सगळ्या ऑक्सिडीकरण पद्धतींचा जो प्रदीर्घ आढावा छापला, त्याचा दाखला या विषयावरच्या लिखाणात जगभर दिला जातो. त्यात कुठलीही एक पद्धत रामबाण म्हणून विकलेली नाही, हे मला विशेष वाटतं.

कारखान्यांत मात्र अजून थोरल्या भावाचाच वापर जास्त, कारण हिराकस स्वस्त आणि टाकी कुठलीही चालते. त्याच्या खोडी तिथल्या माणसांना पाठ असतात. आम्ल घाला, मग अल्कली घाला, की पाण्यात क्षार वाढलेच. गाळ गाळून धोकादायक कचरा म्हणून पाठवायचा खर्च वेगळा. पेरॉक्साइड थोडं जरी उरलं तरी सीओडीच्या, म्हणजे पाण्यातल्या घाणीला किती ऑक्सिजन लागेल ते मोजणाऱ्या, चाचणीत ते डायक्रोमेट खातं आणि पाणी आहे त्याहून घाण दिसतं, नवख्या केमिस्टला वाटतं प्रक्रियाच फसली. जाणते लोक सीओडी शून्यावर आणायच्या फंदात पडत नाहीत. हट्टी रेणूंचे तुकडे झाले आणि ते जीवाणूंना खाता आले की पेरॉक्साइड थांबवतात, उरलेलं काम जीवाणू फुकटात करतात.

सगळ्यांना खरं हवं असतं ते सामू ७ ला चालणारं फेंटन, म्हणजे आम्ल-अल्कलीची कटकटच मिटली. तशी जाहिरातही होते. इथे १९३२ चीच दुसरी एक गोष्ट आडवी येते. हाबर-वाइसच्याच वर्षी अमेरिकेत ब्रे आणि गोरिन यांनी वेगळं मांडलं होतं: रॅडिकल वगैरे काही सुटत नाही, लोखंडच चार-संयुजी होऊन ‘फेरिल’ बनतं आणि तेच काम करतं. वाद पुढे कित्येक दशकं चालला. सामू ३ ला हायड्रॉक्सिल, उदासीन पाण्यात मुख्यतः फेरिल, असं आता बऱ्याच प्रयोगांतून दिसतं. फेरिल निवडक असतं, हायड्रॉक्सिलला जुमानणारे कितीतरी रेणू त्याला दाद देत नाहीत. तेव्हा सामू ७ चं फेंटन घेऊन कोणी आला तर त्याच्या माहितीपत्रकापेक्षा आपल्याच पाण्याची बीकरमधली जार टेस्ट आधी मागावी, आणि नमुन्यातलं उरलेलं पेरॉक्साइड मारूनच सीओडी लावावा.