चार पेन्सिल सेल आणि भिऱ्याचं पाणी

पेणला घरी बसून गेले काही शनिवार-रविवार हातात मावणारा गेम कन्सोल बनवतोय, मामेभावाच्या मुलीसाठी. रास्पबेरी पाय झीरो, छोटा स्क्रीन, दहा बटणं. गेम चालू झाले आणि मग खरा प्रश्न पडला... वीज कुठून आणायची?

ती राहते रोह्याला. लहानपणी सुट्टीत मीही तिथेच असायचो आणि लोडशेडिंग सुरू झालं की ब्रिक गेम हाच आधार. सेल संपत आले की उन्हात ठेवायचे, आणखी पाच मिनिटं मिळायची!

हाच प्रश्न निन्टेन्डोच्या गुनपेई योकोईंपुढेही होता. १९८९च्या गेम बॉयमध्ये त्यांनी रंग नाकारले, स्क्रीनमागचा दिवाही नाकारला. चार पेन्सिल सेलवर तो दहा तासांच्या वर आरामात चालायचा. १९९० साली सेगाचा गेम गिअर आला. रंगीत, उजळ, सहा सेल, आणि तीन ते पाच तासांत खलास. मला गेम बॉयची आणखी एक गोष्ट आवडते. त्याच्या प्रोसेसरला 'हॉल्ट' नावाची सूचना आहे. काम नसेल तर पुढची हाक येईपर्यंत गप्प बसायचं, वीज वाचते. (आमच्या ऑफिसातल्या काही मीटिंगांना हवी होती ही सूचना. असो.)

माझा कन्सोल साधारण १.६ वॅट खातो. साधे झिंक-कार्बनचे सेल इतक्या ओढीला लगेच मान टाकतात. म्हणून लिथियम-आयन, जो सोनीने १९९१मध्ये बाजारात आणला. २६०० मिलिअँपिअर-तासांचा एक सेल, ३.६ व्होल्ट, म्हणजे ९.४ वॅट-तास. पाच व्होल्ट करताना १५ टक्के वाया. उरले आठ, म्हणजे पाच तास.

हे १५ टक्के फार टोचत होते. मग भिरा आठवलं. रोह्याहून कोलाडमार्गे गेलं की लागणारं टाटांचं वीजगृह, १९२७चं. मुळशी धरणाचं पाणी घाटावरून तिथे उतरतं. १९९०च्या दशकात तिथे १५० मेगावॅटचा उलटा संचही बसला. मागणी कमी असताना पाणी परत वर चढवायचं, गरजेला खाली सोडायचं. बॅटरीच की! अशा योजनांत साधारण चतुर्थांश वीज वाटेतच जाते. त्यामानाने माझे १५ टक्के बरेच म्हणायचे.

पण या बॅटरीची किंमत वॅटमध्ये मोजता येत नाही. मावळातली गावं पाण्याखाली गेली. सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ ते १९२४ मुळशी सत्याग्रह झाला, तरी धरण झालंच. वीज गेली मुंबईला. आणि वीजगृहातून सुटलेलं तेच पाणी कुंडलिकेतून रोह्यावरून वाहत असताना आम्ही मात्र काळोखात सेल उन्हात कधी ठेवता येतील याची वाट बघत बसायचो.

शेवटी वायफाय बंद केलं, स्क्रीन मंद केला, सेल ३.३ व्होल्टवर आला की गेम आपोआप सेव्ह होऊन कन्सोल बंद. मागच्या रविवारी पुतणीने घड्याळ लावून मोजलं. चार तास चाळीस मिनिटं. "काका, पाच म्हणाला होतास," म्हणाली.