नेसण आणि वेठ : महाड परिषदेतील स्त्रियांच्या एका कृतीचा अर्थ

महाड येथे १९२७ साली भरलेल्या दोन परिषदांचा इतिहास बहुधा पाणी आणि अग्नी या दोन खुणांभोवती सांगितला जातो : २० मार्च रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली चवदार तळ्याचे पाणी प्राशन करण्यात आले आणि २५ डिसेंबरच्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. याच डिसेंबर परिषदेच्या अखेरीस, त्याच गावात, अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांतील स्त्रियांनी आपली लुगडे नेसण्याची रीत बदलली. चरित्रग्रंथांत या तिसऱ्या घटनेला एखाद-दुसऱ्या परिच्छेदाची जागा मिळते आणि तीही ‘राहणीमानातील सुधारणा’ या सदराखाली. ही घटना कष्टकरी स्त्रियांच्या इतिहासातही मोडते, हे ध्यानात येण्यासाठी या स्त्रिया कोणते काम करीत होत्या आणि त्या कामाच्या जागी त्यांना काय सोसावे लागत होते, हे आधी पाहिले पाहिजे.

महाड आणि एकोणिसाव्या शतकात त्याच तालुक्यात मोडणारे पोलादपूर हा सावित्री नदीच्या खोऱ्यातील, सह्याद्रीच्या पायथ्याला टेकलेला प्रदेश असून, तेव्हाच्या कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचा हा दक्षिण भाग होता. सपाट भातखाचरे येथे थोडी आणि वरकस, म्हणजे नाचणी-वरीसारखी पिके देणारी डोंगरउताराची जमीन पुष्कळ. पुरुषांचा मोठा ओढा सैन्याकडे आणि पुढे मुंबईच्या गिरण्यांकडे राहिल्यामुळे राब भाजणे, लावणी, बेणणी, कापणी आणि रानातून मोळ्या आणणे ही कामे प्रामुख्याने बायकांच्या अंगावर पडत. येथील अनेक गावांत खोती होती. खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करून सरकारात भरणारा वंशपरंपरागत मध्यस्थ. तो कुळांकडून धान्याच्या वाट्याबरोबर वेठही घेत असे. वेठ म्हणजे मोबदल्याविना सक्तीने करवून घेतलेले काम. महार कुटुंबांवर याखेरीज वतनाची कामे लादलेली होती, ज्यांत सरकारी निरोप पोहोचवण्यापासून मेलेली गुरे ओढून नेण्यापर्यंत सर्व काही येत असे. वतन पुरुषाच्या नावे असले तरी राबणूक घरातील सर्वांची होती, आणि जिथे मजुरीच ठरलेली नाही तिथे कामाचे तास, कामाची हद्द आणि काम सांगणाऱ्याच्या वर्तनाची मर्यादा यांपैकी काहीच ठरलेले नसते. कामाच्या जागी होणारा स्त्रियांचा छळ अशी संज्ञा त्या काळी नव्हती. छळ मात्र रोजचा होता.

महाड ही सावित्रीच्या खाडीवरची जुनी बाजारपेठ. आसपासच्या खेड्यांतून लाकूड-गवताचे भारे डोक्यावर घेऊन येणाऱ्या अस्पृश्य स्त्री-पुरुषांचा माल पेठेला चाले, परंतु त्यांना तिथे प्यायला पाणी मिळत नसे. दासगावचे कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे यांनी अशा लोकांसाठी महाडात चहाचे दुकान सुरू करवले, ते याच कारणाने. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबई कायदे कौन्सिलात सीताराम केशव बोले यांचा सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव संमत झाला आणि १९२४ साली महाड नगरपालिकेने तो आपल्या तळ्याला लागू केला; पण कागदावर मिळालेल्या हक्कामुळे मोळीवाल्या बाईची तहान भागली नव्हती. तळ्याच्या लढ्याची एक बाजू अशी थेट श्रमाशी जोडलेली आहे, आणि ती पुरेशी लक्षात घेतली गेलेली नाही.

पोशाखाचा प्रश्न याच व्यवस्थेचा भाग होता. लुगडे गुडघ्यापर्यंत आखूड नेसणे कोकणातील कष्टकरी बाईला चिखलात वावरताना सोयीचे असते आणि अनेक जातींच्या स्त्रिया कामाच्या वेळी ते वर खोचत. अस्पृश्य स्त्रीच्या बाबतीत मात्र हे आखूड नेसणे, तसेच हातापायांतील व गळ्यातील हलक्या धातूचे जड दागिने, हा रिवाज बनलेला होता, आणि तो मोडल्यास गावाचा रोष ओढवत असे. सोय आणि सक्ती यांतील फरक येथे निर्णायक आहे. बाजारात, बांधावर किंवा खोताच्या अंगणात दिसताक्षणी कोणाला अरेतुरे करता येईल, कोणाला फुकट राबवता येईल आणि कोणावर हात टाकल्यास जाब विचारला जाणार नाही, हे त्या पोशाखावरून दुरूनच ओळखू येत असे. तो पोशाख एक प्रकारे वेठीचा बिल्ला होता.

मार्चच्या परिषदेनंतर परतणाऱ्या लोकांवर हल्ले झाले, तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले, आसपासच्या गावांत बहिष्कार पुकारले गेले आणि ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावही मागे घेतला. एवढे सोसूनही डिसेंबरात हजारो लोक पुन्हा जमले, त्यांत स्त्रियाही होत्या. मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. न्यायालयाच्या तात्पुरत्या मनाईमुळे तळ्यावरचा सत्याग्रह तहकूब झाल्यावर बाबासाहेबांनी स्त्रियांसमोर स्वतंत्र भाषण केले. अस्पृश्यतेची ओळख सांगणारे कपडे-दागिने टाकावेत, लुगडे फाटके असले तरी स्वच्छ असावे, मुलींना मुलांप्रमाणेच शिकवावे आणि दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याला किंवा मुलाला जेवू घालू नये, असा त्या भाषणाचा आशय होता. शेवटच्या सूचनेकडे विशेष लक्ष दिले पाहिजे, कारण स्वयंपाक ही बाईची न संपणारी वेठ मानली जात असताना ती नाकारण्याचा अधिकार तिला आहे, हे त्यात उघडपणे सांगितले गेले.

यानंतर जे घडले ते भाषणापेक्षाही मोलाचे होते. जमलेल्या स्त्रियांनी महाडातच लुगडी घोट्यापर्यंत नेसायला सुरुवात केली, आणि ती रीत शिकवण्यासाठी लक्ष्मीबाई टिपणीस आणि इंदिराबाई चित्रे या कायस्थ प्रभू कुटुंबांतील दोन स्त्रिया पुढे आल्या. लुगड्याच्या निऱ्या घालून देण्यासाठी बाईला बाईच्या अगदी जवळ यावे लागते. जिथे सावलीचाही विटाळ मानला जात होता, तिथे या दोघींनी स्पर्शाचा नियम हाताने मोडला. मात्र या घटनेचे श्रेय शिकवणाऱ्यांना देऊन थांबणे अन्यायाचे होईल. एकट्या बाईने आपल्या गावात लांब लुगडे नेसले असते तर तिला तिथल्या तिथे अडवले गेले असते. शेकडो जणींनी एकाच वेळी ते नेसल्यामुळे प्रत्येकीला घरी परतताना दुसरीची सोबत मिळाली. धोका पत्करला तो परतणाऱ्या स्त्रियांनी, कारण दुसऱ्या दिवशी त्याच खोताच्या शेतावर आणि त्याच पेठेत त्यांना त्या वेशात उभे राहायचे होते.

महाड-पोलादपूरची अनेक माणसे ज्या मुंबईत पोटासाठी गेली, तिथे कामाच्या जागी होणाऱ्या छळाचा प्रश्न वेगळ्या रूपात उभा होता. १९२०च्या दशकात मुंबईच्या गिरणी कामगारांत सुमारे एक पंचमांश स्त्रिया होत्या आणि त्या मुख्यतः सूत गुंडाळण्याच्या खात्यांत काम करीत. तिथे त्यांच्यावर नायकीण असे. नायकीण म्हणजे बायकांना कामावर घेणारी, काढणारी आणि त्याबद्दल दस्तुरी उकळणारी मुकादमीण. वरची अधिकारी स्त्री असली म्हणजे खालच्या स्त्रीला आधार मिळतोच असे नाही, हा धडा या पद्धतीने दिला. नेमणूक आणि हकालपट्टी एकाच व्यक्तीच्या मर्जीवर असली की ती व्यक्ती कोणीही असो, छळाला वाव राहतो. २८ जुलै १९२८ रोजी बाबासाहेबांनी मुंबई कौन्सिलात प्रसूती-भत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा दिला आणि १९२९ साली तो कायदा झाला. २० जुलै १९४२ रोजी नागपूर येथे सुलोचनाबाई डोंगरे यांच्या अध्यक्षतेखाली भरलेल्या दलित महिला परिषदेने कामगार स्त्रियांसाठी पगारी रजा, अपघाताची भरपाई, निवृत्तिवेतन आणि स्त्री-पर्यवेक्षक यांची मागणी केली. महाडात स्त्रियांना उद्देशून भाषण झाले होते. नागपुरात स्त्रिया स्वतः ठराव मांडत होत्या. पंधरा वर्षांतील हा बदल फार मोठा आहे.

कायद्याची पावले यामागून, फार सावकाश आली. तळ्याचा दावा उच्च न्यायालयात १७ मार्च १९३७ रोजी निकालात निघाला, खोती १९४९च्या कायद्याने आणि कनिष्ठ वतने १९५८च्या कायद्याने रद्द झाली. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाबाबत सर्वोच्च न्यायालयाचा विशाखा निवाडा १९९७चा, आणि कायदा २०१३चा. या कायद्यानुसार दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत अंतर्गत समिती असावी लागते. त्याहून लहान जागी किंवा शेतात, बांधकामावर, घरकामात राबणाऱ्या बाईसाठी जिल्ह्याच्या पातळीवर स्थानिक समिती असते आणि तालुक्याला तक्रार स्वीकारणारा अधिकारी नेमावा लागतो. तक्रारीची मुदत साधारणतः तीन महिन्यांची आहे. महाडच्या औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगार बाई आणि पोलादपूरच्या डोंगरवाडीतील मजूर बाई, या दोघीही या कायद्याच्या कक्षेत येतात.

महाडातील स्त्रियांची लुगडे बदलण्याची कृती पुस्तकात सविस्तर आली ती प्रामुख्याने ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांच्या ‘आम्हीही इतिहास घडवला’ या १९८९ सालच्या ग्रंथामुळे, ज्यासाठी या दोघींनी आंबेडकरी चळवळीतील वृद्ध स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या. त्याआधीच्या लेखनात निऱ्या घालून देणाऱ्या दोघींची नावे राहिली. लुगडे बदलून गावी परतलेल्या बहुतेक जणींची नावे राहिली नाहीत. त्या बायका महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतील अनेक घरांच्या पणज्या आहेत. ज्या घरांत त्यांच्या आठवणी अजून सांगितल्या जातात, त्या घरांतील लेकी-सुनांनी त्या आठवणी नाव, गाव आणि कामासह लिहून ठेवाव्यात.