दृष्टांतपाठ ते वस्तुपाठ, व्हाया सायखेडा

वाळूवर घर बांधणारा माणूस मूर्ख आणि खडकावर बांधणारा शहाणा, ही येशूची गोष्ट. पाऊस आला, पूर आला, वारा सुटला आणि वाळूवरचं घर गेलं. मुंबईत चौदाव्या मजल्यावर बसून ही गोष्ट वाचली की ती एक छान उपमा वाटते. निफाड तालुक्यातल्या सायखेड्यात ती उपमा राहत नाही. गोदावरीच्या काठावरचं हे गाव. पलीकडे चांदोरी, मधे पूल, आणि खाली थोड्या अंतरावर नांदूर मधमेश्वरचा बंधारा. ऑगस्ट २०१६ आणि ऑगस्ट २०१९ या दोन्ही वेळा नदी बाजारपेठेत शिरली होती. नाशिकला दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागलं की खालच्या गावांना सामान माळ्यावर टाकायची वेळ झाली हे कळतं. म्हणजे एक मूर्ती, जिला नमस्कार पण करायचा आणि जिच्यावर पुराचं मापही वाचायचं. असा टू-इन-वन प्रकार आपल्याकडेच!

पण गंमत पुढे आहे. गोदाकाठच्या शेतकऱ्याला नदीने आणून टाकलेला गाळच हवा असतो. खडकावर घर बांधता येईल, पण खडकावर कांदा येत नाही. म्हणजे पॅलेस्टाइनमधली गोष्ट जशीच्या तशी उचलून इथे ठेवली तर ती अर्धी पटते आणि अर्धी अडते. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लोकलायझेशनचा प्रॉब्लेम म्हणतो. नुसते शब्द बदलून भागत नाही, तारखा, चलन, रंगांचे अर्थ, सगळंच बघावं लागतं. रोजच्या वस्तूंमधून ख्रिस्ती शिकवण सांगायची, हे काम मराठीत चारशे वर्षं चालू आहे आणि हा प्रॉब्लेम पहिल्या दिवसापासून आहे. आजचा लेख त्याबद्दल.

आधी दोन शब्द बघू. दृष्टांत आणि वस्तुपाठ.

‘दृष्टांतपाठ’ हे तेराव्या शतकातलं महानुभावांचं पुस्तक. चक्रधरस्वामी बोलता बोलता जे दाखले देत ते केशोबासांनी गोळा केले, एकूण ११४. आधी सूत्र, मग गोष्ट, मग त्या गोष्टीचा अर्थ, अशी पक्की रचना. हत्ती आणि आंधळे हा शाळेत सगळ्यांनी वाचलेला दाखला त्यातलाच. महानुभावांच्या पोथ्या सांकेतिक लिपीत होत्या, त्यामुळे विसाव्या शतकापर्यंत बाहेरच्यांना त्या वाचताच येत नव्हत्या. पण दृष्टांत सांगायची सवय पोथीत थोडीच अडकते? ज्ञानेश्वरीत उपमांचा पाऊस आहे. सावता माळ्याला मळ्यातल्या भाजीत विठ्ठल दिसला, गोरोबांना चिखल तुडवताना. कीर्तनकाराला तर दृष्टांताशिवाय पुढे सरकता येत नाही. मराठी बायबलने येशूच्या गोष्टींसाठी हाच शब्द घेतला तेव्हा श्रोत्यांना तो आधीपासून पाठ होता.

‘वस्तुपाठ’ मात्र वेगळ्या वाटेने आला. आपण सहज म्हणतो, “सचिनची ती इनिंग म्हणजे वस्तुपाठच.” शब्द इंग्रजी अमदानीतल्या शाळांबरोबर आलेला आहे. स्विस शिक्षक पेस्टालोझी म्हणायचा की मुलाला आधी वस्तू दाखवा, शब्द नंतर. त्याच्या पद्धतीवर एलिझाबेथ मेयो या इंग्रज बाईने १८३०च्या सुमारास शिक्षकांसाठी पुस्तक काढलं. पहिला पाठ काचेचा. काच हातात द्या, मुलांना विचारा कशी आहे, गुळगुळीत, पारदर्शक, ठिसूळ. बाई कट्टर इव्हँजेलिकल होत्या, त्यामुळे वस्तूपासून निर्मात्यापर्यंत जायचा रस्ताही त्यात होताच. तिथून ही पद्धत इंग्लंड-अमेरिकेच्या संडे स्कूलमध्ये गेली आणि मिशनऱ्यांबरोबर जगभर फिरली.

म्हणजे एकीकडे आपला सातशे वर्षांचा दृष्टांत आणि दुसरीकडे आयात झालेला वस्तुपाठ. दोघांची गाठ कुठे पडली?

पहिली गाठ गोव्यात, वस्तुपाठ हा शब्द जन्मायच्या कितीतरी आधी. थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट १५७९ साली गोव्याला आला आणि इथेच १६१९ मध्ये वारला. त्याचं ख्रिस्तपुराण १६१६ साली छापलं गेलं. अकरा हजारांच्या आसपास ओव्या, तेही रोमन लिपीत, कारण देवनागरीचे टाइप नव्हते. (युनिकोडच्या आधी आपण मराठी मेल रोमनमध्ये लिहायचो, तसंच. फक्त अकरा हजार ओव्या!) मराठीची थोरवी सांगताना त्याने काय घेतलं? रत्न, मोगरा, कस्तुरी, मोर. सगळी अस्सल देशी यादी. पण हेही विसरायला नको की नव्या ख्रिश्चनांना जुन्या पुराणांच्या पोथ्या वाचायला बंदी होती आणि ती पोकळी भरायला हे पुराण लिहिलं गेलं. स्टीफन्सचं मराठीवरचं प्रेम खरं, आणि ज्या राज्यात तो लिहीत होता तिथली सक्तीही खरी. या दोन गोष्टींची वजाबाकी करून हिशोब शून्यावर आणता येत नाही.

दुसरी गाठ देशावर पडली, आणि ती जास्त मजेदार आहे. येशूच्या वस्तू बघा. मोहरीचा दाणा, मीठ, दिवा, खमीर, द्राक्षवेल, भाकर. मोहरी चालली, फोडणीत रोज असते. दिवा चालला. ‘ब्रेड’ची भाकर झाली आणि प्रभूची प्रार्थना एकदम चुलीपाशी आली. खमीर मात्र अडलं. ज्वारी-बाजरीच्या भाकरीत खमीर कुठे असतं? गोव्यात पोर्तुगीजांनी पाव आणला तेव्हा पीठ फुगवायला माडाची सूर घातली, त्यामुळे तिथल्या माणसाला ‘थोड्याशाने सगळं फुगतं’ हे दिसत होतं. निफाडच्या बाईला ते दिसायला विरजण हवं होतं. चमचाभर दही, भांडंभर दूध, रात्रभर काही करायचं नाही, सकाळी सगळं बदललेलं. माझ्या मते येशू सायखेड्यात जन्मला असता तर त्याने विरजणाचाच दृष्टांत दिला असता.

आणि द्राक्षवेल? आज निफाड म्हटलं की कांदा आणि द्राक्ष. पण द्राक्षबागा इथे विसाव्या शतकात वाढल्या, म्हणजे बायबल मराठीत आल्यानंतर शंभरेक वर्षांनी. आधी उपमा आली, मग वेल! योहानाच्या शुभवर्तमानात येशू म्हणतो की फळ देणाऱ्या फांदीलाही माळी छाटतो, अजून फळ यावं म्हणून. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपते आणि वर्षातून एकदाच छाटतात. नाशिकमध्ये वेल झोपतच नाही, म्हणून दोन छाटण्या. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी. खरड छाटणीत फळ लागलेल्या सगळ्या काड्या जातात आणि भर उन्हाळ्यात बाग बोडकी दिसते. त्यानंतर नवी काडी फुटते, पण तिच्यावर घड धरायचा नसतो. त्या काडीच्या डोळ्यात पुढचा घड आत गुपचूप तयार होत असतो, बाहेरून काही कळत नाही. पुढच्या वर्षीचं पीक तिथे ठरतं, आणि ऑक्टोबरच्या छाटणीनंतर दिसतं. पहिल्या शतकातल्या माळ्याला ही दुसरी छाटणी माहीत नव्हती. गोदाकाठचा एखादा प्रवचनकार या वचनावर बोलायला उभा राहिला तर त्याच्याकडे मूळ ग्रंथापेक्षा एक छाटणी जास्त आहे.

आता माणसांकडे येऊ. अहमदनगरला (आताचं अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशन होतं. तिथूनच १८४२ साली ‘ज्ञानोदय’ सुरू झालं. तिथे १८६०च्या दशकात कृष्णराव सांगळे यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं. टाळ, मृदंग, पूर्वरंग, उत्तररंग, सगळं तेच आणि आख्यान येशूचं. गोऱ्या पाद्र्याच्या प्रवचनाला न येणारी माणसं कीर्तनाला येऊन बसायची. मिशनचं डोकं आणि वारकऱ्यांचा गळा, असं ते काम्बिनेशन.

याचा कळस म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. जन्म १८६१, कोकणातला, पण शिक्षण आणि घडण नाशिकची. १८९५च्या फेब्रुवारीत त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आपण तुकारामांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशा अर्थाचं ते सांगत. इथेही बघा, तत्त्वज्ञान न सांगता पूल सांगितला. फुलामुलांचा कवी ही त्यांची ओळख शाळेत पाठ केलेली असते. पण मराठी चर्चमध्ये आजही त्यांची शंभराहून जास्त पदं गायली जातात, हे चर्चबाहेर फारसं कुणाला माहीत नसतं. १९१७ साली त्यांनी साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ काढला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथे जागा होती. परदेशी भांड्यातून पाणी नको, आपल्या भांड्यातून द्या, असा त्यांचा एकंदर हट्ट होता.

पण भांडं आणि पाणी हा खरा वस्तुपाठ त्यांच्या बायकोचा आहे. आणि तिथे उपमा संपते.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. तेही गोदावरीकाठीच, सायखेड्याला येणारं पाणी आधी जलालपूरवरून येतं. १८५७च्या बंडानंतर त्यांच्या आजोबांना, म्हणजे आईच्या वडिलांना, फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याचं वेड लागलं. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुवायची. धान्य धुवायचं. मीठसुद्धा धुवायचं! ‘स्मृतिचित्रे’मध्ये लक्ष्मीबाईंनी हे इतक्या हसत सांगितलंय की वाचताना आपणही हसतो आणि मग एकदम लक्षात येतं की या घरात मुलं वाढत होती. येशूने शिष्यांना जगाचं मीठ म्हटलं आणि खारटपणा गेलेलं मीठ काय कामाचं असं विचारलं. धुतलेल्या मिठाचं काय होतं हे या बाईने लहानपणी चाखलेलं होतं.

नवरा ख्रिश्चन झाला तेव्हा त्या सत्तावीस वर्षांच्याही नव्हत्या, पदरात मूल. काही वर्षं वेगळ्या राहिल्या. मग त्याच्याकडे परत गेल्या, पण सोवळं सोडलं नाही. एकाच घरात स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही, हे त्यांचं मोठेपण. कुणी पुस्तक दाखवून, प्रवचन देऊन त्यांचं मन वळवलं असं झालं नाही. एका दिवशी त्यांनी स्वतःशीच विचार केला की जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळालं आणि त्यांनी ठरवलं की आजपासून कुणाच्याही हातचं पाणी प्यायचं. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० साली. आधी पाण्याचा पेला आणि मग बाप्तिस्म्याचं पाणी, हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो.

कारण नगर भागातले बहुसंख्य ख्रिस्ती महार-मांग समाजातून आलेले होते. प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला सगळ्यांनी एकत्र घ्यायचा असतो. खमीर, मोहरी, दिवा यांच्यावर कुणीही सुंदर बोलू शकतं, त्यात जात कुठेच मोडत नाही. प्याल्यावर बोलून भागत नाही, तो तोंडाला लावावा लागतो. शेजाऱ्याने आत्ताच लावलेला असतो. मला वाटतं, रोजच्या वस्तूंमधून धर्म शिकवण्याच्या सगळ्या परंपरेची परीक्षा इथे होते. ‘बघा, ही वस्तू तशी, म्हणून आपणही तसं वागावं’ हे वाक्य बोलणाऱ्याला फुकट पडतं. वारकऱ्यांच्या काल्याचीही तीच गोष्ट आहे. वाळवंटात काला एकत्र आणि गावात पाणवठे वेगळे, हे आपण शतकानुशतकं चालवलंच की.

टिळक ९ मे १९१९ला मुंबईत गेले. ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांवर अडकलं होतं. ते पुढे नेलं लक्ष्मीबाईंनी, ज्यांना टिळकांनी लिहायला-वाचायला शिकवलं होतं आणि ज्यांच्या अक्षराची थट्टा त्या स्वतःच करत. बहुतेक अध्याय त्यांचेच आहेत. ‘स्मृतिचित्रे’ १९३४पासून भागाभागाने पुस्तकरूपात आली. २४ फेब्रुवारी १९३६ला त्या नाशिकलाच गेल्या. ‘ख्रिस्तायन’ छापून आलं १९३८ साली.

ज्यांनी ‘स्मृतिचित्रे’ शाळेतल्या धड्यापलीकडे वाचलेलं नाही, त्यांनी पुढच्या वीकेंडला पहिला भाग तरी वाचा. सोवळ्याचं प्रकरण अगदी सुरुवातीलाच आहे.